आपापली खुर्ची

क्लिफर्ड टॅटरसॉल वरच्या मजल्यावर बसायला जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जायचा. संध्याकाळ झाली की जिन्यात धप्प, धप्प, मग थोडा दम खाणं, मग पुन्हा धप्प. दोन-तीन तासांनी तीच खुर्ची खाली. बर्नाडेट फेअरक्लॉच्या खोलीत दुसऱ्या खुर्चीला जागा नव्हती असं अजिबात नाही. पण एकट्या बाईच्या खोलीत दोन खुर्च्या दिसल्या की दुसरी कोणाची, हा प्रश्न येतो. आणि आमच्यासारख्या सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांच्या घरी तो प्रश्न विचारायला सरकार येतं.

मी नॉर्मा. तळमजल्यावर राहते, जिन्याला लागून, रस्त्याकडच्या खिडकीशी. अशा जागी बसणाऱ्या बाईवर सगळ्यांचा संशय असतोच. त्याचं मी काही मनाला लावून घेत नाही, कारण मीही सगळ्यांवर घेते.

आमचं घर म्हणजे मोरकॅमच्या, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या गावातल्या, जुन्या लॉजांपैकी एक. गिरण्यांना सुट्टी लागली की माणसं आठवडाभर समुद्रावर यायची, तेव्हाचं. पुढे पाहुणे स्पेनला जायला लागले, लॉजच्या खोल्या भाड्याने निघाल्या आणि त्यांत आम्ही येऊन पडलो. दारावर अजून ‘सी व्ह्यू’ अशी पाटी आहे. समुद्र बघायचा असेल तर मात्र बर्नाडेटच्या माळ्यावरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळावं लागतं.

बर्नाडेट, म्हणजे आमची बर्नी, याच गावची. तिची आई अशाच एका लॉजमध्ये चादरी धुवायची, आणि बर्नी चौदाव्या वर्षापासून त्यांना इस्त्री करायची. मग शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पोरांना उकडलेले बटाटे वाढता वाढता तिची कंबर गेली. म्हणजे खरंच गेली, नाटक नाही. हे मी सांगते, कारण भत्त्याच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरने तिला विचारलं होतं, ‘जिना चढून आलात ना?’ ती म्हणाली, ‘मग काय उडत येऊ?’ त्या उत्तरापायी तिचा भत्ता काही महिने लटकला. नवरा त्याच्या कितीतरी आधी प्रेस्टनच्या एका बाईबरोबर निघून गेला होता. त्याच्याबद्दल बर्नी वाईट बोलायची नाही. ‘निदान खोलीत जागा तरी झाली,’ म्हणायची.

आता भत्त्याचं गणित असं, की त्यात वाढ होतच नाही असं कोणी म्हणू नये. दर एप्रिलला होते. पण ती वाढ ठरते मागच्या शरद ऋतूतल्या महागाईवरून. म्हणजे वाढ गेल्या वर्षीची आणि भूक या वर्षीची. भाड्याच्या मदतीचं त्याहून न्यारं. तो आकडा सरकारने गोठवून ठेवला होता, वर्षानुवर्षं. भाडं काही गोठत नव्हतं. मधली फट जेवणाच्या पैशातून बुजवायची. बर्नी टोस्टवर उकडलेल्या चवळीसारखे ते डब्यातले बीन्स घालून खायची, आणि शेवटच्या आठवड्यात नुसता टोस्ट.

आमचा घरमालक ग्रिमशॉ. एप्रिलच्या वाढीची बातमी आली रे आली की हा दारात उभा. पायपुसण्यावर बूट इतका वेळ घासणार, की जणू देवळात शिरतोय.

‘ऐकलं, तुमचं वाढलं म्हणे यंदा?’

आणि भाडं वाढायचं. बर्नीची पक्की खात्री, की घरातलंच कोणीतरी त्याच्या कानाला लागतं.

‘अगं, टीव्हीवर सांगतात ते,’ मी म्हणायची.

‘त्याच्याकडे टीव्ही आहे हे तुला काय माहीत?’ ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायची. ‘गेली होतीस का त्याच्या घरी?’

अशी ती बर्नी. दाराला आतून साखळी, पत्र आलं तर आधी पाकीट उजेडात धरून बघणार, फोन वाजला तर हॅलो न म्हणता नुसती ऐकत राहणार. मला तिचा राग यायचा. पण उगाच नाही झाली ती तशी. मागच्या गल्लीतल्या इव्हॉनचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या दारासमोर एका पुरुषाची व्हॅन चार-पाच सकाळी उभी दिसली. कोणीतरी कळवलं. कोणी, ते कधीच कळत नाही, फोन करणाऱ्याचं नाव लागत नाही. इव्हॉनला बोलावणं आलं: तुम्ही एकट्या म्हणून भत्ता घेता, हा कोण? तिचा प्लंबर भाऊ होता तो. भाऊ आहे हे पटायला सहा महिने गेले, आणि तोवर घर गेलं. पैसे नंतर मिळाले तिला. घर नाही मिळालं.

विजेचे दर कडाडले त्या हिवाळ्यात हे खुर्चीचं सुरू झालं. आमच्याकडे आधी पैसे भरायचे, मग वीज वापरायची. कोपऱ्यावरच्या दुकानात मीटरची चावी न्यायची, भरून आणायची, मीटरमध्ये खुपसायची, आणि आकडा खाली खाली येताना बघत बसायचं. बर्नी माळ्यावर, तिथे वारा कौलांतून आत येतो. ती कोट घालून झोपायची. क्लिफर्ड मधल्या मजल्यावर. बहात्तर वर्षांचा, एकटा, लांब हातापायांचा माणूस. उमेदीत गावाच्या चौपाटीवरचे रंगीत दिवे लावायचं काम करायचा. एकदा जिन्यात दोघं भेटली. दोघांची नाकं लाल. तो म्हणाला, ‘मिसेस फेअरक्लॉ, दोन हीटर जाळून दोघं गारठण्यापेक्षा एका हीटरपुढे बसू या का? आलटून पालटून.’

बर्नीने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी अटी सांगितल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिच्याकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याच्याकडे. येताना खुर्ची आपली, कप आपला, चहाची पिशवी आपली. पाणी मात्र एकाच किटलीत उकळायचं, तेवढी सूट. एका ताटात जेवायचं नाही, एका भांड्यात शिजवायचं नाही. खोलीत मागे काही सोडायचं नाही, साधा हातरुमालसुद्धा नाही. आणि रविवारी ज्याने त्याने आपापल्या खोलीत, आपापल्या थंडीत. कोणी विचारलंच तर सांगता आलं पाहिजे, की आम्ही वेगळे राहतो, रविवार बघा.

‘सरकार रविवारी येत नाही,’ मी म्हटलं.

‘आपल्याला तसं वाटावं, हेच तर त्यांना हवंय,’ बर्नी म्हणाली.

जोडपं ठरलं तर काय होणार होतं ते ती बोटांवर सांगायची. ती पेन्शनच्या वयाच्या अलीकडची, तो पलीकडचा. एकत्र धरलं की त्याचा म्हातारपणाचा जादा भत्ता बंद, तिचा एकटीचा बंद, आणि दोघांना मिळून जे मिळेल ते बरंच कमी. एका खोलीची मदत तर सरळ बंद.

‘मग एक खोली सोडा ना,’ मी म्हटलं. ‘मजेत राहा.’

‘आणि उद्या आमचं फाटलं तर? का तो आधी गेला तर? भत्त्यावरच्या बाईला या गावात खोली कोण देतं, नॉर्मा? दलाल तोंडावर सांगतात, भत्तेवाले नकोत. ही खोली आहे म्हणून मी आहे. ही गेली की मी बसस्टॉपवर.’

मी पुन्हा कधी खोली सोडायचं नाव काढलं नाही.

ती दोघं खरंच जोडपं होती का? पहिल्या हिवाळ्यात नक्कीच नव्हती. वरून आवाज यायचा तो रेडिओचा आणि क्लिफर्डच्या खोकल्याचा. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्यासमोर बर्नी त्याला विचारायची, ‘मिस्टर टॅटरसॉल, तुम्ही साखर घेता ना?’ वर्षभर रोज त्याच्याबरोबर चहा पिणारी बाई! आणि मी दार लावून घेतलं की जिन्यातून ऐकू यायचं, ‘अरे मफलर घे गाढवा, मरशील.’ एकदा ती माझ्याकडे मीठ मागायला आली तेव्हा गुणगुणत होती. बर्नाडेट फेअरक्लॉ, गुणगुणत! मी नुसतं बघितलं तर गप्पकन थांबली आणि म्हणाली, ‘काय? रेडिओवर लागलं होतं.’ मला तिचा हेवा वाटला. खरं सांगते, वाटला.

मग पाचव्या हिवाळ्यात ती करडी गाडी आली. समोरच्या फुटपाथला, दुपारी बाराच्या सुमाराला, दिवसाआड. आत एक टक्कल पडलेला माणूस, मांडीवर कागद. बर्नी पडद्याच्या फटीतून बघायची. तिने क्लिफर्डला आठवडाभर जिन्यातसुद्धा भेटायचं बंद केलं. भर जानेवारीत दोघं आपापल्या खोलीत कुडकुडत बसली. शेवटी मलाच राहवलं नाही. कोट चढवला, जाऊन काचेवर टकटक केली.

‘काय हवंय तुम्हाला?’

त्याने काच खाली केली. तोंडात मटण-बटाट्याची पॅटी. गाडी शिकवणारा मास्तर होता, दोन शिकवण्यांच्या मध्ये जेवायला थांबायचा. गाडीच्या मागे शिकाऊची पाटीसुद्धा होती, आमच्या बाजूने दिसत नव्हती इतकंच. मला हसूच फुटलं. वर जाऊन बर्नीला सांगितलं.

‘तो तसंच सांगणार ना,’ ती म्हणाली.

‘अगं, पाटी आहे!’

‘पाटी कोणीही लावेल.’ मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, ‘आणि तू एवढा वेळ काय बोलत होतीस त्याच्याशी?’

मी त्या दिवशी तिच्यावर ओरडले. म्हटलं, चहाडी करायची असती तर पहिल्याच हिवाळ्यात केली असती, तुमच्या त्या खुर्चीने माझी झोप उडवली होती! तिने दार लावून साखळी चढवली. पण दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी टोमॅटो सूपचा डबा ठेवलेला होता. तिच्याकडून आलेली ही माफी. सोमवारपासून जिन्यात पुन्हा धप्प, धप्प.

फेब्रुवारीतला तो रविवार. रविवार म्हणून दोघं वेगळी. सकाळी मला वर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. वाटलं, कपाट सरकवत असेल. थोड्या वेळाने माझ्या दारावर बर्नी. पांढरीफटक.

‘नॉर्मा, चल. तो पडलाय. हाक मारली तर ओ देत नाही.’

‘मग तू इथे काय करतेस? दार उघड त्याचं!’

‘मी एकटी कशी जाऊ त्याच्या खोलीत? आज रविवार. तू साक्षीला चल.’

मला वाटलं तिला गदागदा हलवावं. जिना चढलो. दार बंद. मी म्हटलं ग्रिमशॉला फोन करते, त्याच्याकडे किल्ली असेल. फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. बर्नी माझ्या शेजारी ओठ चावत उभी. तिसऱ्यांदा लावायला लागले तेव्हा तिने ब्लाउजमध्ये हात घातला आणि किल्ली काढली.

‘ही माझ्याकडे होती हे कोणाला बोलू नकोस,’ म्हणाली.

क्लिफर्ड पलंगाच्या कडेला आडवा पडला होता. अंगावर कोट. खोलीत श्वास दिसत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, पण डोळे उघडे, आणि ते डोळे थेट बर्नीवर. ती गुडघ्यांवर बसली, तिची ती गेलेली कंबर घेऊन, आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिकेची माणसं जिन्यात ऐकू आली तसं तिने ते डोकं हळूच पुन्हा जमिनीवर ठेवलं, खाली उशी सारली, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

‘यांचं कोण आहे?’ त्यांनी विचारलं.

‘आम्ही शेजारणी,’ बर्नी म्हणाली. ‘दोघीही.’

आम्ही बसने इस्पितळात गेलो. तातडीच्या विभागाबाहेर एक तरुण मुलगी टेबलाशी बसली होती. चेहरा थकलेला, पण चांगली होती बोलायला.

‘टॅटरसॉल ना? तुम्ही त्यांच्या कोण?’

मी बर्नीकडे बघितलं. बर्नी त्या मुलीच्या कॉम्प्युटरकडे बघत होती.

‘कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘वरच्या मजल्यावर राहते.’

‘पार्टनर वगैरे?’

‘नाही हो! मी एकटी राहते. ते वेगळे, मी वेगळी.’

‘मग सध्या तुम्हाला आत नाही सोडता येणार. फक्त घरच्यांना. कोणी नातेवाईक माहीत आहेत का त्यांचे?’

बर्नीने मान हलवली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी तिच्या कानाशी म्हटलं, ‘अगं ए, इस्पितळ आहे हे. भत्त्याचं ऑफिस नाही.’

‘कॉम्प्युटर एकच असतो सगळ्यांचा,’ ती म्हणाली.

अर्धा तास गेला. एक तास गेला. मग मी उठले आणि टेबलाशी जाऊन सांगितलं की मी क्लिफर्डची बहीण.

‘मघाशी बोलला नाहीत?’

‘आमचं पटत नाही,’ मी म्हटलं. ‘पण आता म्हटलं, जाऊ दे.’

तिने मला लगेच सोडलं. कागद नाही, पुरावा नाही, काही नाही. आत एका डॉक्टरने मला बाजूला घेतलं. मेंदूत बराच रक्तस्राव झालाय, त्यात अंग थंडीने गारठलेलं, रात्र निघेल असं वाटत नाही. कोणाला बोलवायचं असेल तर आत्ताच. क्लिफर्ड जागा होता. मला ओळखलं. बोलणं अडखळत होतं, पण समजत होतं. ‘ती?’ एवढंच विचारलं.

मी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत ओरडले. ‘बर्नी, मरतोय तो. तुला विचारतोय. आता जायचं असेल तर जा, नाहीतर घरी जाऊन आपली खोली सांभाळत बस!’

फार टोचून बोलले मी. ती उठली. कोटाची बटणं नीट लावली, केसांवरून हात फिरवला, आणि त्या टेबलासमोर जाऊन कोर्टात उभी राहावी तशी उभी राहिली.

‘मी मघाशी खोटं बोलले,’ म्हणाली. ‘मी त्यांची बायकोच आहे, धरून चाला. चार वर्षं झाली. माझं नाव बर्नाडेट फेअरक्लॉ. घ्या लिहून.’

मुलीने वर पाहिलं. काहीही लिहिलं नाही. ‘डावीकडे तिसरा पलंग,’ म्हणाली. ‘जा लवकर.’

बर्नी क्षणभर तिथेच. मग जवळजवळ धावत आत गेली. मी मागोमाग. पलंगाशी एक नर्स होती, हातात तक्ता, त्यावर काहीतरी टिपत होती. ती हसून वाकली.

‘मिस्टर टॅटरसॉल, बघा कोण आलंय. तुमच्या मिसेस.’

क्लिफर्डने डोळे उघडले. आधी बर्नीला पाहिलं. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलंय, त्या दोघांचं काय होतं ते मला आता कोणी विचारू नये. मग त्याची नजर नर्सच्या हातातल्या कागदाकडे गेली, पेनाकडे गेली, आणि चेहरा बंद झाला.

‘मिसेस नाही,’ तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. ‘माझं कोणी नाही. या बाई... वरच्या मजल्यावरच्या.’

बर्नीने त्याचा हात धरला. ‘क्लिफ, अरे राहू दे ते. मी सांगून टाकलंय त्यांना. सगळं सांगितलं.’

त्याने हात सोडवून घेतला. जेवढी ताकद उरली होती तेवढी लावून सोडवला.

‘मिसेस फेअरक्लॉ,’ तो म्हणाला, ‘तुम्ही घरी जा. उगाच त्रास घेतलात.’

आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तो काही बोलला नाही. नर्स गोंधळून म्हणाली, अशा आजारात माणसं ओळखत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. बर्नी रात्रभर त्याच्या पाठीकडे बघत बसली. पहाटे तो गेला.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही परत निघालो. खाडीला ओहोटी होती. बर्नी खिडकीशी बसली होती, रडून रडून चेहरा सुजलेला. मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘त्याने तुला ओळखलं, बर्नी. त्या नर्सचं ऐकू नकोस.’

‘ओळखलं ना. म्हणून तर.’ मग माझ्याकडे वळली. ‘नॉर्मा, त्या नर्सच्या हातात काय होतं? तू वाचलंस?’

‘सलाईनचा तक्ता गं. किती गेलं, किती राहिलं.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तिने मान हलवली. विश्वास बसला की नाही कळलं नाही.

‘एवढ्या दुखण्यात त्याच्या लक्षात राहिलं बघ,’ ती म्हणाली. ‘माझी खोली जाऊ नये म्हणून. शाबास म्हणायला हवं होतं मी त्याला. नुसती रडत बसले.’